आडोसा आणि परतीची वाट

२०२२ सालच्या उपवासकाळातील एक संध्याकाळ. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता वडीगोद्रीला धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. त्या फाट्याच्या आसपासच्या वस्त्यांवरील आपल्या कुटुंबांच्या भेटीगाठी आटोपून मी परत निघण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात एक तरुणी माझ्या मोटारसायकलजवळ येऊन उभी राहिली. तिचा साखरपुडा झालेला होता. ईस्टरनंतर लग्न व्हायचे होते. मला वाटले, लग्नाच्या कागदपत्रांविषयी काही विचारायचे असेल. इकडेतिकडे पाहून ती हळूच म्हणाली, “फादर, तीन दिवस झाले, तो आमच्या आखाड्यावर हाय. मी लपविलंय त्याला. पाप केलं का मी?”

घडले होते ते असे. तिचा वाग्दत्त वर मोसंबीचे कॅरेट भरलेला छोटा टेम्पो घेऊन रात्री जालन्याच्या बाजाराकडे निघाला होता. वाटेत एका सायकलस्वाराला गाडीची धडक बसली. तो थांबला, खाली उतरला. रस्त्यावर पडलेला माणूस आणि रक्त त्याने पाहिले. वस्तीवरून काठ्या घेऊन धावत येणारी माणसेही पाहिली. मग गाडी तशीच टाकून तो शेजारच्या उसात शिरला. त्या वर्षी मराठवाड्यात ऊस इतका झाला होता की, मे महिना उलटला तरी कितीतरी शेतांतील तोड झाली नव्हती. पळणाऱ्याला आडोशाची वाण नव्हती. टेम्पोच्या मालकाने त्याचे नाव सांगितले, पोलीस त्याच्या घरी दोनदा येऊन गेले, आणि इकडे ही मुलगी घरच्यांच्या नकळत भाकरीचा डबा घेऊन शेतातल्या आखाड्यावर जात राहिली.

ती दोघे आज पती-पत्नी आहेत. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे लिहीत आहे. तिने जे सांगितले ते पापनिवेदनात सांगितलेले नव्हते, हेही येथेच नमूद करतो. तसे असते तर या ओळी लिहिण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

त्या संध्याकाळी मी तिला धीर दिला, “उद्या पुन्हा येतो,” असे सांगितले आणि निघालो. उत्तर मात्र दिले नाही, कारण ते माझ्याजवळ तयार नव्हते. परतीच्या वाटेवर मला अनेक वर्षांपूर्वी पाहिलेला एक चित्रपट आठवत राहिला. सेमिनरीत शिकत असताना कधी कधी शनिवारी रात्री आम्हांला व्हिडिओ कॅसेट लावून जुने इंग्रजी चित्रपट दाखवीत आणि पुढच्या आठवड्यात नीतिशास्त्राच्या तासाला त्यांवर चर्चा होई. आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९४५ सालचा ‘स्पेलबाउंड’ त्यांपैकी एक. हिचकॉक हे कॅथोलिक घरात वाढलेले आणि लंडनमध्ये येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेले. अपराध, अपराधाची जाणीव आणि कबुली हे विषय त्यांच्या चित्रपटांत वारंवार येतात, त्याचे मूळ या संस्कारांत असावे असे आमच्या प्राध्यापकांचे मत होते.

‘स्पेलबाउंड’ची कथा थोडक्यात अशी. डॉ. कॉन्स्टन्स पीटरसन ही मनोरुग्णालयातील एक बुद्धिमान, काहीशी कोरडी वाटणारी डॉक्टर. ही भूमिका इन्ग्रिड बर्गमन यांनी केली आहे. रुग्णालयाचे जुने प्रमुख डॉ. मर्चिसन निवृत्त व्हायचे आहेत आणि त्यांच्या जागी डॉ. एडवर्ड्स नावाचे नवे प्रमुख येतात. ही भूमिका ग्रेगरी पेक यांची. दोघे एकमेकांच्या प्रेमात पडतात. परंतु पांढऱ्या कापडावरील समांतर रेषा दिसल्या की हा माणूस बेचैन होतो. त्याची सही खऱ्या डॉ. एडवर्ड्सच्या सहीशी जुळत नाही. अखेर उघड होते की हा एडवर्ड्स नव्हेच. त्याची स्मृती नष्ट झाली आहे. आपण कोण हे त्याला आठवत नाही. खऱ्या एडवर्ड्सना आपणच ठार मारले एवढे मात्र त्याला पक्के वाटते. तिला एक चिठ्ठी लिहून तो रातोरात न्यूयॉर्कला निघून जातो. पोलीस त्याच्या मागावर निघतात. आणि कॉन्स्टन्सही निघते.

ती त्याला हॉटेलात गाठते. दोघे नवविवाहित जोडपे असल्याचे भासवून आपल्या वृद्ध गुरूच्या, डॉ. ब्रुलॉव्हच्या घरी आश्रय घेतात. ते सोंग म्हातारा पहिल्याच रात्री ओळखतो. हा मनुष्य धोकादायक असू शकतो, पोलिसांना कळवू या, असे तो तिला बजावतो. ती त्याच्याकडे थोड्या दिवसांची मुदत मागते. त्या मुदतीत दोघे मिळून त्या फरारी माणसाच्या एका स्वप्नाचा अर्थ लावतात. (त्या स्वप्नाचे विलक्षण दृश्य चित्रकार साल्वादोर दाली यांनी योजले होते.) मग कॉन्स्टन्स त्याला बर्फाच्या त्याच उतारावर घेऊन जाते, जेथे एडवर्ड्सचा मृत्यू झाला असावा. वेगाने घसरत खाली येताना त्याला सारे आठवते. लहानपणी खेळताना त्याच्या घसरण्यामुळे त्याचा सख्खा भाऊ कुंपणाच्या टोकदार गजांवर पडून मरण पावला होता. त्या अपघाताचे ओझे तो जन्मभर वाहत आला होता, आणि म्हणूनच डोळ्यांदेखत झालेला एडवर्ड्सचा मृत्यूही त्याने स्वतःच्या माथी मारून घेतला होता. एडवर्ड्सच्या देहात गोळी सापडते. त्याला अटक होते. परंतु खरा खुनी मर्चिसन आहे हे कॉन्स्टन्स शोधून काढते आणि एकटी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

तासाला आम्हां विद्यार्थ्यांत दोन तट पडले होते. एका तटाचे म्हणणे असे की, कॉन्स्टन्स खोटे बोलली, सोंग केले, कायद्याच्या वाटेत आडवी आली. तिचे वर्तन समर्थनीय नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, तिने एका निरपराध माणसाला वाचवले. मी दुसऱ्या तटात होतो. आज मागे वळून पाहताना वाटते, आम्ही दोघेही मुख्य गोष्ट सोडून भांडत होतो.

मुख्य गोष्ट ही की, कॉन्स्टन्स त्याला लपवते खरी, पण लपवून ठेवत नाही. दूर कोठेतरी पळून जाऊ, नाव बदलून संसार थाटू, असे ती म्हणत नाही. ज्या जागेची त्याला सर्वांत अधिक भीती वाटते, त्याच जागी ती त्याला हाताला धरून नेते, आणि स्वतः त्याच्या शेजारून त्या उतारावर घसरत जाते. तिने दिलेला आडोसा थोड्या दिवसांचा आहे, आणि त्याचे दार सत्याच्या दिशेने उघडते.

असे असले तरी या चित्रपटाने दोन ठिकाणी स्वतःची सुटका करून घेतली आहे, हेही सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट, नायक शेवटी निर्दोष ठरतो. प्रेमिकेच्या अंतःकरणाने दिलेला कौल बरोबर निघतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. आपल्या राजा परांजपे यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’ अनेकांना आठवत असेल. त्यातील वकिलाची पत्नी मरण पावली आहे आणि तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी स्त्री न्यायालयात आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. तेथेही अखेरीस तिचेच म्हणणे खरे ठरते. अशा कथांची रीतच ती आहे. ज्याच्यावर प्रेम जडले तो गुन्हेगार नसतो. जग त्याला ओळखण्यात चुकलेले असते. परंतु आपल्या घरांत जेव्हा असा प्रसंग येतो, तेव्हा बहुधा तसे नसते. आपल्या मुलाने, भावाने, नवऱ्याने ते खरोखरच केलेले असते. प्रेमाची परीक्षा तेथून पुढे सुरू होते, आणि नेमका तेथेच चित्रपट संपतो.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला वडीगोद्रीची ती मुलगी भेटावी लागली. या चित्रपटात एक मनुष्य मारला गेला आहे, खरा डॉ. एडवर्ड्स. त्याच्यासाठी कोणी रडत नाही. त्याला कोणी आप्त होते का, त्यांचे काय झाले, हे आपल्याला कळत नाही आणि आपण विचारीतही नाही. आपले सारे लक्ष त्या दोघांवर असते. प्रेम करणारे दोघे आणि पाठलाग करणारे पोलीस एवढीच माणसे आपल्याला दिसतात; जखमी झालेला तिसरा दिसत नाही.

त्या संध्याकाळी मी त्या मुलीला चार-पाच प्रश्न विचारले होते. तो जेवतो का? त्याला काही लागले आहे का? तुझ्या वडिलांना ठाऊक आहे का? पोलीस पुन्हा आले होते का? सगळे प्रश्न त्याच्याविषयीचे आणि तिच्याविषयीचे. मी मोटारसायकल सुरू केली तेव्हा तीच म्हणाली, “फादर, तो सायकलवाला जगला का, तेवढं कुणाला इचारता का? मला इचारायची चोरी झालीया.” ईशज्ञानाची इतकी वर्षे अभ्यासलेली पुस्तके मागे राहिली आणि एक दहावी शिकलेली मुलगी माझ्यापुढे गेली, असे मला त्या क्षणी वाटले. अजूनही वाटते.

दोषी माणसावरील प्रेमाचा विचार करायचा तर आपल्याला हॉलिवूडमध्ये जाण्याचे कारण नाही. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली आला. त्याची कथा माणदेशचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांची. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही त्याला देण्यात आला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आदिनाथ नावाचा एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढून एका ओसाड माळावर नेतो आणि त्यांच्याबरोबर स्वतः राबतो. तेथे भिंत नाही, बेड्या नाहीत. पळून जायचे म्हटले तर वाट मोकळी आहे. त्यांना धरून ठेवतात ते त्या जेलरचे दोन डोळे. ते सहाजण निर्दोष आहेत असे चित्रपट एकदाही सांगत नाही. त्यांच्या हातांनी खून झाले आहेत, आणि त्याच हातांनी आता भाजी पिकते आहे.

ही केवळ कल्पित कथा नव्हे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले यहुदी अभियंते भारतात येऊन भारतानंद झाले होते. त्यांची ती कल्पना होती आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिला आधार दिला. तेथील सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, कैद्याला आपल्या कुटुंबासह राहता येते. बायको-मुले सोबत आहेत, शेत आहे, आणि शिक्षाही चालू आहे. प्रेमाला तेथे शिक्षेतून सूट मिळालेली नाही; शिक्षेच्या आत जागा मिळालेली आहे. आपल्या भागातही पैठणला खुले कारागृह आहे. तेथील शेतांत काम करणारे कैदी पळून का जात नाहीत, असा प्रश्न मला एका मुलाने धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला होता. मी म्हणालो, “ज्याला घरी परत जायचे असते, तो पळत नाही.” ते उत्तर तेव्हा सहज सुचले होते. पुढे त्याचा अर्थ मला अधिक कळला. पळालेल्या माणसाला घर उरत नाही. त्याला एकामागून एक आडोसे शोधावे लागतात.

आता पवित्र शास्त्राकडे आणि आपल्या परंपरेकडे वळू. गणना या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात शरणपुरांची योजना आहे. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला, त्याला सूड घेणाऱ्यापासून वाचण्यासाठी पळून जाता यावे, म्हणून सहा नगरे नेमलेली होती, यार्देनेच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन. काठ्या घेऊन धावणाऱ्या जमावापुढून पळालेल्या आपल्या तरुणाची भीती मोशेच्या नियमशास्त्राला ठाऊक होती, असेच म्हणावे लागेल. परंतु त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की, त्या माणसाला मंडळीपुढे न्यायासाठी उभे राहायचे आहे. शरणपूर त्याला सुडापासून वाचवते, न्यायापासून नव्हे. या फरकाकडे आपण फार कमी लक्ष देतो.

ख्रिस्तसभेनेही शतकानुशतके आश्रयाचा हक्क जपला. मंदिरात शरण आलेल्या आरोपीला धर्माधिकाऱ्याच्या संमतीवाचून, तशीच निकड असल्याखेरीज, बाहेर ओढून नेऊ नये, असा नियम १९१७ सालच्या धर्मसंहितेतही होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी लिहिलेल्या ग्रंथात तागास्तेचे बिशप फिर्मस यांची हकिकत दिली आहे. एक मनुष्य त्यांच्या आश्रयाला आला होता आणि सम्राटाच्या आज्ञेने अधिकारी त्याला शोधत आले. बिशपांनी सांगितले की, आपल्याला खोटे बोलता येणार नाही आणि त्या माणसाला धरूनही देता येणार नाही. त्यांचे हाल करण्यात आले. ते बधले नाहीत. पुढे त्यांना सम्राटासमोर नेले, तेव्हा त्यांच्या धैर्याने सम्राट इतका प्रभावित झाला की त्या माणसाला क्षमा मिळाली. आम्ही सेमिनरीत या कथेवर चर्चा केली ती असत्य भाषणाच्या संदर्भात. आता मला तीत आणखी काही दिसते. फिर्मस यांनी त्या माणसासाठी स्वतःचे अंग पुढे केले, आणि अखेर त्याची बाजू घेऊन ते न्याय देणाऱ्यासमोर उभे राहिले. नुसते दार लावून ते स्वस्थ बसले नाहीत.

याहून थेट उदाहरण म्हणजे फिलेमोनास लिहिलेले संत पौलाचे पत्र. अवघ्या पंचवीस ओव्यांचे हे पत्र रविवारच्या वाचनांत क्वचितच येते. परंपरेने असे मानले जाते की, अनेसिम हा दास आपल्या धन्याकडून पळून आला होता. तुरुंगात असलेल्या पौलाशी त्याची गाठ पडली आणि तो ख्रिस्ताचा झाला. पौलाचा त्याच्यावर इतका जीव जडला की, त्याला तो आपले लेकरू, आपले काळीज म्हणतो. त्याला जवळ ठेवून घ्यावे अशी त्याची फार इच्छा आहे, तसे तो लिहितोही. तरी तो त्याला परत पाठवतो. पाठवताना मात्र दोन गोष्टी करतो. धन्याला तो सांगतो की याला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार. आणि याने तुझे जे काही नुकसान केले असेल ते माझ्या खाती मांड, असे वचन स्वतःच्या हाताने लिहून देतो. पळालेल्यावर प्रेम कसे करावे याचा माझ्या माहितीतील हा सर्वोत्तम वस्तुपाठ आहे. पौलाने अनेसिमाला लपवून ठेवले नाही, आणि एकट्याने जा असेही म्हटले नाही. पत्र देऊन, भरपाईची हमी घेऊन त्याला वाटेला लावले.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पळणारा प्रत्येक मनुष्य परत जाण्यास बांधलेला आहे, असे मी म्हणत नाही. हेरोदाच्या तरवारीपुढून मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मिसर देशात पळून गेले, ते देवाच्याच आज्ञेने. राहाबने हेरांना छपरावर लपवले आणि तिची गणना श्रद्धावंतांत झाली. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील कितीतरी मठांनी यहुदी कुटुंबांना लपवले, त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. पाठलाग करणारा न्याय आहे की अन्याय, हा पहिला प्रश्न होय. परंतु प्रामाणिकपणे विचारले तर आपल्या घरांतील बहुतेक प्रसंगी त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक असते. आपले पोलीस, आपली न्यायालये निर्दोष नाहीत. गरिबाला तेथे किती खेटे घालावे लागतात हे मी पाहिले आहे. तरीही अंबडच्या रस्त्यावर धडक बसलेला सायकलस्वार म्हणजे हेरोद नव्हे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हेही पाहण्यासारखे आहे. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ नुसार गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी आश्रय देणे हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ मध्ये तीच तरतूद आहे. दोन्हींत एक अपवाद आहे. पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला आश्रय दिला तर तो या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. आईला ही सूट नाही, बापाला नाही, भावाला नाही. आपल्या त्या मुलीलाही ती नव्हती, कारण लग्नाला अजून काही आठवडे होते. वैवाहिक बंधनाचा कायदा असा मान राखतो हे वाचून मला बरे वाटले. तथापि कायद्याने जी शिक्षा माफ केली, ती जबाबदारी प्रेमानेही माफ केली असे समजण्याचे कारण नाही. नवरा-बायकोला सूट आहे ती लपवल्याबद्दलच्या शिक्षेतून. जखमी माणसाचे देणे त्यामुळे फिटत नाही. आपल्या नीतिशास्त्राने पाप्याला स्वतःहून चौकीत जाण्याची सक्ती सरसकट केलेली नाही. परंतु ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करण्याचे बंधन मात्र सातव्या आज्ञेखाली नेहमीच घातले आहे. आणि लपून बसलेल्याला भरपाई कशी करता येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडीगोद्रीला गेलो, तेव्हा एवढे सगळे माझ्या मनात होते. प्रत्यक्षात त्यातील फारच थोडे बोललो. तत्पूर्वी मी चौकशी केली होती. तो सायकलस्वार सालगडी होता. रात्रीचे पाणी देऊन घरी चालला होता. तो जगला होता, मात्र त्याच्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले होते आणि तो जालन्याच्या एका दवाखान्यात होता. मी आखाड्यावर जाऊन त्या तरुणाला एवढेच सांगितले. त्याने तोंड झाकून घेतले. तीन दिवस तो आपण माणूस मारला असे समजून चालला होता. ‘स्पेलबाउंड’मधील त्या माणसासारखा तोही न केलेल्या खुनाचे ओझे वाहत होता, मात्र केलेल्या कृत्याचे ओझे खाली ठेवण्याची वाट त्याला दिसत नव्हती.

“आता काय करायचं?” असे त्याने मला विचारले नाही. तिला विचारले. ती म्हणाली, “उद्या दवाखान्यात जाऊ, तिथून ठाण्यात. मी येते संगं.” तिच्या वडिलांना आम्ही दोघांनी मिळून सांगितले. ते रागावले, मग गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी तेच तयार होऊन बसले.

दवाखान्यात जे झाले ते गोड नव्हते. जखमी माणसाच्या मुलाने त्याची कॉलर धरली. बायकोने शिव्याशाप दिले. तो खाली मान घालून उभा राहिला आणि ती त्याच्या शेजारी. मी मध्ये पडायला गेलो, तर तिनेच मला हाताने थांबवले. खाटेवरचा तो माणूस बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “चार दिवस लागले व्हय रे यायला?”

तेथून आम्ही ठाण्यात गेलो. जबाब झाला, अटक झाली, पुढे जामीन मिळाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. ते चोवीस तास केव्हाच उलटून गेले होते, आणि त्याचा जाब त्याला द्यावा लागला. त्याच्या जबाबामुळे जखमी माणसाला विम्याच्या भरपाईचा दावा करणे सोपे गेले. ईस्टरनंतरचे लग्न अर्थातच पुढे गेले. ते पुढच्या वर्षी झाले, जेवणावळीशिवाय. जेवणावळीसाठी ठेवलेले पैसे आधीच दवाखान्याच्या बिलात गेले होते. त्या सालगड्याला बोलावणे होते. तो आला नाही. तो आजही काठी टेकत चालतो. त्याने क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही. तो त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे, आणि त्याच्यावर घाई करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

“पाप केलं का मी?” या तिच्या प्रश्नाला मी अखेर काय उत्तर दिले, असे कोणी विचारील. पहिल्या रात्री भेदरलेल्या माणसाला तिने भाकर दिली आणि जमावापासून वाचवले, यात मला पाप दिसत नाही. तेवढे शरणपूर त्याला हवेच होते. चूक झाली असेल तर ती नंतरच्या दिवसांत, आणि तिच्यात मीही भागीदार आहे. पहिल्या संध्याकाळी मी तिला ‘उद्या येतो’ असे सांगून निघालो होतो. त्या माणसाचे चार दिवस मोजताना त्यांतला एक माझ्या नावावर आहे.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत असा एखादा आखाडा असतो. कर्ज बुडवून परगावी गेलेला भाऊ, कोणाला फसवून आलेला मुलगा, दारूच्या नशेत हात उगारून माहेरच्यांच्या भीतीने दडून बसलेला जावई. आपण त्याला जेवू घालतो, त्याच्यासाठी मेणबत्ती लावतो, कोणी विचारले तर ‘इथे नाही’ म्हणतो, आणि त्यालाच माया समजतो. त्याला जेवू जरूर घालावे. मग ज्याचे नुकसान झाले त्या घराची चौकशी करावी, आणि तिकडे जाताना त्याला एकटे जाऊ देऊ नये. उपवासकाळ चाळीस दिवसांचा असतो. एखाद्या खाटेवर पडलेला माणूस मात्र आपल्या येण्याचे दिवस वेगळ्या हिशेबाने मोजत असतो.